शाईचं पाणी

आमच्या गावात एकाही घरी धड कप सापडायचा नाही. कुणाच्या कपाचा कान वाकडा, कुणाची बशी डुगडुगते, कुणाच्या कपावरचं फूल खाली मान घालून उगवलेलं. पाहुण्यांना वाटतं, काय चिक्कू लोक आहेत! पण कपबशांचा कारखानाच आमच्या गावात आहे. चांगला माल खोक्यांत बसून लांबलांबच्या हॉटेलांत जातो आणि रिजेक्ट माल आमच्या फळीवर येतो. कोणता कप कुठे जाणार, हे ठरवायचं काम मी एकतीस वर्षं केलं.

काम बघायला सोपं. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं हलकेच टिचकी द्यायची. चांगला कप टण्ण बोलतो. आत केसाएवढा तडा असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बसका येतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. तो कप डावीकडे टाकायचा, पुढचा घ्यायचा. दिवसाला हजारभर कप. तपासणी खात्यात आम्ही आठ जणी होतो आणि मी त्यांची मुख्य. माझं तोंड जरा फाटकं आहे, हे मी कबूल करते. कुणाकडून एक फुटका कप पुढे गेला की मी म्हणायचे, "कान काय घरी खुंटीला टांगून आलीस?" नवी तर माझ्या आवाजानंच दचकायची. नवी म्हणजे नऊ वर्षांपूर्वी लागलेली. तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही, म्हणून ती अजून नवीच.

मंदी आली तशी हॉटेलं ओस पडली. ओस पडलेल्या हॉटेलांना कप कशाला लागतात? गोदामात खोके छताला टेकले, तीनपैकी दोन भट्ट्या विझल्या आणि एका सोमवारी फाटकावर नोटीस लागली. अकराशेंपैकी चारशेच राहणार होते. इतकी वर्षं आम्ही कप रिजेक्ट केले, आता आमची पाळी आली. त्या दिवशी फाटकापाशी मोठी माणसं लहान मुलांसारखी नुसती उभी होती.

मॅनेजरनं मला बोलावलं. "तुमच्या खात्यात तीन जणी ठेवायच्यात. तुमचं नाव मी धरलंय. बाकीची दोन नावं तुम्ही द्या. शनिवारपर्यंत."

झालं! माझ्या शेजारच्या स्टुलावर कोण बसते? माझी सख्खी धाकटी जाऊ. तिचं नाव द्यावं तर गाव म्हणणार, बघा, घरच्यांची भरती केली. न द्यावं तर आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत, आणि तीही पातळ. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. सात जणींपैकी पाच जणींच्या पोटावर पाय द्यायचा, आणि तोही स्वतःच्या हातानं एका चिठ्ठीवर लिहून.

घरी यांना सांगितलं. हे भट्टीवरचे मिस्त्री. यांची भट्टी चालू राहणार होती, म्हणजे घरात एक पगार पक्का होता. त्यावरूनही लोक कुजबुजणार, हे मला दिसत होतं.

"मी परीक्षा घेते," मी म्हटलं. "तुम्ही भट्टीवरून साठ कप काढून आणा. सगळ्या जणी वाजवतील आणि फुटक्या कपांचे नंबर लिहितील. मग तुमचं शाईचं पाणी. पहिल्या तिघी राहतील. मीही बसणार. मला सूट नको."

शाईच्या पाण्यापुढे वाद चालत नाही. कपात शाईचं पाणी भरून ठेवायचं आणि मग पुसून काढायचं. तडा असेल तर त्यात शाई शिरते आणि निळी रेघ उठते. कपाला बारा तास लागतात म्हणून रोज कुणी ते करत नाही, नाहीतर आम्हाला कुणी पगार दिला असता का?

हे काहीतरी पुटपुटले. हल्ली यांना पुटपुटायची खोडच लागली होती. "काय ते नीट बोला," मी म्हटलं.

"म्हटलं, पंचानं कशाला खेळायचं?"

"म्हणजे कुणी बोट दाखवायला नको."

दुसऱ्या दिवशी खात्यात सांगितलं, तर सगळ्यांची तोंडं पडली. मला वाटलं, परीक्षेला घाबरल्या. पण जाऊ म्हणाली, "ताई, आमची घ्या. तुम्ही कशाला बसता?" गाणाऱ्या बाईनंही तेच म्हटलं. ही दिवसभर गुणगुणत कप वाजवते, म्हणून ती गाणारी. "तुम्ही आमच्या मुख्य. तुमची कसली परीक्षा?" नवी तर माझा हातच धरून उभी राहिली. मान देताहेत, म्हणून मी मनात फुलून गेले आणि वरून त्यांनाच दटावलं.

शुक्रवारी यांनी साठ कप मांडले. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. आम्ही एकेकीनं वाजवले, चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घालून डब्यात टाकल्या. मी सगळ्यांच्या आधी उठले. माझ्या मते जेमतेम पाच कप फुटके होते. संध्याकाळी यांनी साठही कप शाईच्या पाण्यानं भरून खोलीला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी यांनी कप पुसून टेबलावर ओळीनं ठेवले. बारा कपांवर निळ्या रेघा होत्या. मी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचू लागले. नवीचे बाराच्या बारा. जाऊचे बारा. आमच्यातल्या उंच बाईचे अकरा. गाणारीचे दहा. मग आणखी तिघी, नऊ आणि आठ आणि आठ. शेवटची चिठ्ठी माझी होती.

पाच.

मी पुन्हा मोजले. पाचच. राहिलेल्या सात कपांपैकी एक उचलला, दांडीनं टिचकी दिली. माझ्या कानाला तो टण्ण बोलला. समोर निळी रेघ चांगली बोटभर लांब दिसत होती. मी स्टुलावर बसले.

आणि मग नवी रडायला लागली. तिच्या रडण्यातून हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून माझा ट्रे 'पास'च्या शिक्क्याला जायच्या आधी नवीच्या टेबलावर जात होता. मी जेवायला उठले की ती माझे कप पुन्हा वाजवायची. तिला वेळ मिळाला नाही तर गाणारी वाजवायची, नाहीतर उंच बाई. सगळ्यांनी पाळी लावून घेतली होती.

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

"किती निघायचे?"

"कधी चार, कधी दहा," नवी नाक पुसत म्हणाली.

माझा राग असा उसळला! त्यांच्यावर, माझ्यावर, त्या सात कपांवर. "अगं भवान्यांनो, मग मला कुणी सांगितलं का नाही?"

जाऊ शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं, ताई. दोनदा. तुम्हाला ऐकूच आलं नाही."

आधी उंच बाई फस्सकन हसली, मग गाणारी, आणि मग मीच इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसण्यात रडणंही होतं, पण ते कुणी वेगळं काढलं नाही. हे दाराशी उभे राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. हे कधी पुटपुटतच नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

चिठ्ठीवर मी तीन नावं लिहिली: नवी, जाऊ, उंच बाई. मॅनेजर म्हणाला, "तुमचं कुठंय?" मी म्हटलं, "साहेब, माल रिजेक्ट आहे." त्याला पटेना. मी त्याच्यापुढे तो कप ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. उलट खांद्यावरचं मोठं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

सगळंच गोड झालं, असं मात्र नाही. गाणारी एका कपानं हुकली होती. माझं तोंडही न बघता ती निघून गेली आणि दोन आठवडे मला रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूनं जायची. मी तिला बोल लावत नाही. दोन वर्षं जिनं माझी चूक झाकली, तिलाच मी घरी बसवलं, हे माझ्या मनातून जात नाही.

शेवटच्या दिवशी कारखान्यातून मी एवढंच मागितलं: मला ऐकू न आलेले ते सात कप. शाई धुतली तरी रेघा गेल्या नाहीत. आता सकाळी मी उशिरा उठते, खिडकीत बसून उन्हात पाय पसरते. हे माझ्याशी खणखणीत आवाजात बोलतात आणि पलीकडून जाऊ भिंतीवर थाप मारून सांगते, "ताई, आम्हाला सगळं ऐकू येतंय!"

परवा रविवारी मी सगळ्यांना चहाला बोलावलं. सहा जणी वेळेवर आल्या. चहा उकळून उकळून काळा व्हायला आला, तेव्हा दार वाजलं. ते जाऊला ऐकू आलं. गाणारी आत आली, कुणाकडे न बघता सतरंजीच्या कडेला बसली. मी सात जणींपुढे सात निळ्या रेघांचे कप ठेवले आणि माझ्यासाठी वाकड्या कानाचा घेतला. गाणारीनं कप फिरवून रेघ बघितली आणि कितीतरी वेळानं जरासं गुणगुणली. ते मला ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ मी ओळखते.

नवीनं कप उचलला. सवय ती सवय! तोंडाला लावायच्या आधी तिनं नखानं टिचकी मारली आणि जीभ चावून माझ्याकडे बघितलं.

"काय गं, कसा बोलतोय?" मी विचारलं.

नवीनं एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग मला नीट ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "फुटका आहे, ताई!"

"मग बघत काय बसलीस? गळायच्या आत पी."