तोकुनागाची उसण

रिओहेई तोकुनागाची कारकीर्द ज्या दुपारी संपली, त्या दुपारी ती संपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याची पाठ धरली होती, एवढंच.

जपानातल्या शिओमी गावच्या फुटबॉल संघाचा तो मिडफिल्डर. म्हणजे सगळा खेळ ज्याच्या अंगावरून जातो आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही, असा गडी. गोल मारणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. मधला माणूस चेंडू इकडून घेतो, तिकडे देतो आणि चुकला तरच कुणाच्या नजरेत भरतो. ऐन उमेदीत तोकुनागा पहिल्या लीगमधल्या एका बड्या क्लबात होता. तिथे त्याने बहुतेक वेळ बाक झिजवला. मग दुसरी लीग, मग तिसरी, आणि शेवटी हे समुद्राकाठचं गाव. इथे मात्र लोकांनी त्याला घरचा मानला. त्याच्या नावाचं गाणं केलं. पस्तिशी उलटली होती, तरी त्याला अजून एक हंगाम हवा होता. एकच. सकाळी उठून बूट बांधले नाहीत तर दिवस सुरू कसा करतात, हे त्याला माहीतच नव्हतं.

नोव्हेंबरातल्या त्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत, त्याने मागे दिलेला पास थेट समोरच्याच्या पायात गेला. गोल झाला, संघ हरला. रिवाजाप्रमाणे सगळे खेळाडू समर्थकांसमोर रांगेत उभे राहिले आणि कमरेत वाकले. बाकीचे सरळ झाले. तोकुनागा होईना.

त्याच्या पाठीत उसण भरली होती. श्वास घेतला तरी कळ मानेपर्यंत जात होती. हाक मारली असती तर डॉक्टर धावत आला असता. पण पस्तिशी उलटलेला खेळाडू भर मैदानात आखडला हे एकदा चारचौघांनी पाहिलं, की पुढच्या हंगामाचं नावच नको. म्हणून तो तसाच राहिला, हात मांड्यांना चिकटवून, गवताकडे बघत.

वर समर्थकांत ढोल थांबला. ढोल वाजवायचे मुरोईकाका, गावातले न्हावी. कुणीतरी हुंदका दिला. मग तोकुनागाचं गाणं सुरू झालं, नेहमीपेक्षा हळू, भिजल्या आवाजात. एवढा वेळ कोण वाकून राहतं? निरोप घेणाराच. आमच्या गावाला हे एका क्षणात उमगलं. आमच्याकडे न बोलता समजून घेण्याचा भारी अभिमान आहे, आणि त्या अभिमानापायी आम्ही किती जणांचं वाटोळं केलंय ते देवच जाणे.

उसण सुटली तेव्हा त्याने मान वर केली. कळीने डोळ्यांत पाणी आलेलं. ते पाहून उरलेसुरलेही रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो केस कापायला गेला. मुरोईकाकांनी गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

"काका, ते कालचं..."

"बोलू नका. तुम्ही बोललात तर माझा हात थरथरेल आणि तुमचा कान जाईल."

"पण ते तसं नव्हतं..."

"कळलं हो. सांगायची गरजच नव्हती. माझी बायकोसुद्धा रडली. आणि तिला ऑफसाइड म्हणजे काय, तेही कळत नाही."

तोकुनागाने आरशात स्वतःकडे पाहिलं आणि मान कात्रीखाली घातली.

घरी दारात संत्र्यांच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. बागवाल्यांनी परस्पर ठेवलेल्या. त्याची बायको चिनात्सु मूळची ओसाकाची. तिला मनात ठेवणं जमत नाही.

"माणूस मेल्यावरही इतकं कुणी आणत नाही," ती म्हणाली. "तू सांगत का नाहीस?"

"काय सांगू? पाठ धरली होती म्हणून?"

"हो."

"मग तर सगळं संपलंच."

"आणि गप्प बसून काय चालू राहणार आहे? तोंड दिलंय ना देवाने? जा, कामिओसाहेबांना भेट."

कामिओसाहेब म्हणजे क्लबचे व्यवस्थापक. तोकुनागा त्यांच्याकडे गेला तो आठवड्याने. त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी चहा ओतला.

"आता सांगायला हरकत नाही," साहेब म्हणाले. "आम्ही तुम्हाला अजून एक वर्ष खेळा म्हणणार होतो. सगळं ठरलं होतं. पण तुमचं ते वाकणं पाहिलं आणि मीच म्हटलं, नको. ज्याने मनाशी पक्कं केलंय त्याला अडवायचं नाही. तुमच्या जागी नवा मुलगा घेतलाय. कालच त्याचा होकार आला."

तोकुनागाने पेला खाली ठेवला.

"साहेब, ती पाठ..."

"पाठ? पाठीचं काही दुखणं आहे?"

"नाही, नाही. काही नाही."

बाहेर पडल्यावर तो सायकलच्या तळावर बराच वेळ उभा राहिला. त्याला स्वतःचा राग आला, काकांचा आला, त्या कमरेत वाकण्याच्या रिवाजाचा आला. एक वर्ष ताटात वाढलेलं होतं आणि त्याने ते स्वतःच्या हाताने परत केलं होतं.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यानंतर मैदानात त्याच्या निरोपाचा समारंभ झाला. त्याच्या हातात माइक दिला. आभाराची चार वाक्यं त्याने पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मला अजून खेळायचंय," तो म्हणाला.

स्टेडियमभर माना वर झाल्या.

"मला थांबायचं नाहीये. पुढच्या वर्षी मला इथेच खेळायचंय."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका संघाच्या मफलरला डोळे पुसत होत्या. निरोप घेणारा प्रत्येक खेळाडू हेच तर म्हणतो. कामिओसाहेबांनी चष्मा काढला. मुरोईकाकांनी ढोल असा बडवला की कातडं फाटायचंच बाकी राहिलं.

"खरंच सांगतोय," तोकुनागा म्हणाला. ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

फुलांचा गुच्छ द्यायला चिनात्सु पुढे आली. सगळ्या मैदानात तिचे एकटीचे डोळे कोरडे होते.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

आता वाकायचं राहिलं होतं. तो समर्थकांसमोर गेला आणि कमरेत वाकला. पाठीने जरासुद्धा त्रास दिला नाही. तो लगेच सरळ उभा राहिला.