माझ्या उजेडात शिकलेले सर

मित्रांनो, मी म्हातारा झालेला प्रोजेक्टर. सेनगावकडच्या एका महाविद्यालयात छताला उलटा टांगलेला असतो. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, मलाच लाज वाटते.

तपासणी समिती येणार म्हणून मला घाईघाईने आणले. हळदकुंकू वाहिले, तेही थेट भिंगावर! समितीने माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि ती जेवायला गेली. मग माझ्यावर कोळ्यांनी संसार थाटला. खाली प्राध्यापक जुनी टिपणे वाचत आणि पोरे खिडकीतून जिपा बघत.

मला जागे केले सत्यशीला मॅडमनी. त्या भूगोलाच्या, पण तासिका तत्त्वावर. दर जूनला नेमणूक मिळाली तर मिळाली. त्यांनी भिंगावरचे कुंकू पुसले आणि कोरड्या कयाधू नदीचे चित्र भिंतीवर पाडले. "पाणी कुठं गेलं?" एवढेच विचारून त्या थांबल्या. वर्ग गप्प. त्याही गप्प. शेवटी पुसेगावची पुनम, जी कधी हजेरीलाही मोठ्याने बोलत नसे, उठून म्हणाली, "मॅडम, गेलं न्हाई, आमीच ओढून घेतलं. शिवारात जिकडं तिकडं बोअर हायेत."

मग काय भांडला वर्ग! मला फार आनंद झाला.

प्राचार्यांच्या कानावर हे गेले. ते म्हणाले, "मॅडम, आपल्या सगळ्या सरांना हे शिकवा. जूनमध्ये तुमच्या नेमणुकीचं मी बघतो."

मॅडमनी हातचे काही राखले नाही. भूगोलाचेच ज्येष्ठ दत्तप्रसाद सर पहिल्या बाकावर बसले. "कोणतं बटण दाबू?" ते पुन्हा पुन्हा विचारत.

"सर, बटण सोपं आहे. प्रश्न विचारून गप्प राहणं, त्यातच खरी तकलीफ आहे. पोरं बोलेपर्यंत थांबायचं."

सगळ्यांनी बटण तेवढे लिहून घेतले.

जून आला. मॅडमचा तास चालू असताना प्राचार्य दारात आले. "मॅडम, आता सगळ्यांनाच येऊन राहिलं. तुमचे तास दत्तप्रसाद सर घेतील." गरज सरो, वैद्य मरो! मॅडमनी मला बंद केले, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

आता दत्तप्रसाद सर त्याच पिवळ्या टिपणांचे फोटो भिंतीवर पाडतात आणि वाचतात. एकदा पुनमने हात वर केला. "मधात बोलू नको, आधी उतरवून घे," सर म्हणाले. ती खाली बसली.

मित्रांनो, शेवटी 'माझी निगा राखा' असे म्हणायचा आम्हा वस्तूंचा रिवाज आहे. मी म्हणत नाही. माझा दिवा उद्या जळाला तरी चालेल. पण तुम्हाला प्रश्न विचारून तुमच्यासाठी थांबणारे कोणी असेल, तर त्यांना घालवायला आलेल्यांना दारातच अडवा. मॅडम गेल्या त्या दिवशी आमचा वर्ग भरलेला होता. मॅडमनी बोलायला शिकवलेली सगळी पोरे समोर होती, पुनमही होती. कोणी एक शब्द बोलले नाही.