शिदोरी सोडायची वेळ

मैनाबाईनं गाडीवरून पाय खाली टाकला तो कापसातच. अमरावतीच्या त्या मैदानात माती म्हणून दिसत नव्हती. कापसाच्या दीड-दोनशे गाड्या सोडलेल्या, आणि ज्या त्या गाडीभोवती गळलेल्या पांढऱ्या पुंजक्यांचा थर. तिनं वाकून एक पुंजका उचलला, कपाळाला लावला आणि परत गाडीत टाकला. लक्ष्मी पायाखाली येऊ नये. मग इतका वेळ मांडीवर धरून ठेवलेली शिदोरी तिनं कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवली आणि वर पाहिलं. ऊन डोक्यावर यायला अजून घटकाभर अवकाश होता.

"आताच नको सोडू," सूर्यभान बैलांची जोती काढता काढता म्हणाला.

"सोडत नाई. येळ व्हायची हाय अजून."

"तसं नाई. आज जरा... पाहू. घाई काहाची हाय?"

मैनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. घरी ताट वाढायला जरा उशीर झाला की उंबऱ्यावर येऊन बसणारा माणूस हा. तिचं बोलणं मुळातच थोडं. जे सांगायचं ते ती देवाला सांगे, आणि तेही ओठांतल्या ओठांत.

तिचे नेम पुष्कळ होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती पाणी पीत नसे, सोमवार कधी चुकला नव्हता, चातुर्मासात कांद्याला हात लावत नसे. हे सगळं गावाला ठाऊक होतं. एक नेम मात्र तिनं स्वतःशीच धरला होता, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तेव्हापासून सूर्यभानच्या अमरावतीच्या खेपा वाढल्या. तिवशाच्या वाटेवरचं त्यांचं गाव बाजारापासून आठ कोस. कोंबडा आरवायला गाडी जुंपली की दुपारी बाजार, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घर. दिवाळीपासून आठवड्याला दोन खेपा चालल्या होत्या. खेपेच्या दिवशी मैनाबाई दुपारपर्यंत घरी अन्नाला शिवत नसे. अंगणात उभी राहून आपली सावली पाही. सावली पायात आली की म्हणे, आता बैल सोडले असतील, आता हात धुतले असतील, आता त्यानं शिदोरी सोडली असंल. मग आपला पहिला घास मोडे. आठ कोसांवर दोघं एकाच वेळी जेवत, एकाच तव्यावरची भाकर. तेवढ्यावर तिचा दिवस गोड जाई.

बाहेरचं अन्न तिनं जन्मात तोंडात घातलं नव्हतं. सासू म्हणायची, विकतचं पोटात जातं, अंगी लागत नाही. मैनाबाईला त्याचं कारणही आपलं आपण सापडलं होतं. भाकर थापताना ती कुणासाठी थापायची हे हाताला ठाऊक असतं. बाजारातल्या पुरीला काय ठाऊक, आपल्याला कोण खाणार?

अंबादेवीची ओटी भरायची म्हणून ती या हंगामात पाच वेळा म्हणाली होती. पाचही वेळा सूर्यभाननं गर्दीचं कारण सांगितलं. आज तिनं विचारलं नाही. पहाटे खण-नारळ घेऊन सरळ गाडीत चढून बसली.

"आला काय बाप्पा! कितीक वाट पाहाची?"

गाड्यांच्या मधून एक धिप्पाड बाई येत होती. एका हातात झारा, कमरेवर रिकामी टोपली. कपाळावर कुंकू नव्हतं, पण चालण्यात सगळ्या बाजाराची मालकी होती.

"तुमच्या पुऱ्या काढून ठेवल्या, सूर्यभान भाऊ. थंड झाल्या त मले नाव ठेवू नका. आना, कुठं हाय गाठोडं?"

सूर्यभान खाकरला. बाईची नजर लिंबाखाली गेली.

"ह्या कोन?"

"घरची," तो म्हणाला.

"अगं माय! म्हंजे भाकरीवाल्या ह्याच काय?" बाईनं झारा पदराला पुसला, जणू आता कुणाच्या तरी पाया पडायचं आहे. "मी गंगूबाई, वयनी. वरूडकडची माळीण. तो पलीकडं धूर दिसून राहिला न, ते माहं दुकान. बसा बसा. तुमचा हात पाहाची लई इच्छा होती मले."

"माहा हात?" मैनाबाई म्हणाली.

"गंगूबाई," सूर्यभान मधे म्हणाला, "आज राहू दे. आज आमी दोघं..."

"राहू दे कसं? तो काट्यावरचा मापारी सकाळपासून दोनदा येऊन गेला. तिवशाकडची गाडी आली काय, तिवशाकडची गाडी आली काय. काय सांगू त्याले?"

मग तिनं मैनाबाईला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. गाडीवाल्यांना बाजारात आलं की गरम पुरी पाहिजे, शेव पाहिजे, भजी पाहिजेत. फडक्यातली भाकर सोडायला त्यांना आता लाज वाटते. सोडली की शेजारचा म्हणतो, कापसानं घर भरलं तरी हा अजून कोरडीच चावून राहिला. आणि इकडे काट्यावर माल तोलणारी, कापसाच्या गाठी बांधणारी माणसं दूरदूरची. चार-चार महिने घर नाही. पुऱ्या खाऊन खाऊन त्यांच्या तोंडाची चव गेलेली. त्यांना भाकर पाहिजे. गाडीवाले भाकर देतात, ती पुरी देते. भाकर काट्यावर जाते.

"सगळेच करतात वो," गंगूबाई म्हणाली. "तुमचे मालक काही एकटे नाईत."

"कवापासून?" मैनाबाईनं विचारलं.

तिनं विचारलं गंगूबाईला, पण गंगूबाईनं सूर्यभानकडे पाहिलं. सूर्यभान बैलाच्या मानेवरची धूळ हातानं झाडत होता. झाडून झालेली जागा तो पुन्हा झाडू लागला.

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "भाकर चांगलीच असते. तसं काई नाई. पन इथवर येईस्तोवर चामड्यावानी होते, अन् चार मानसं जिथं बसतात तिथं..."



मैनाबाईनं शिदोरीवर हात ठेवला. दिवाळीपासून आतापर्यंत किती वेळा ती अंगणात उभी राहिली असेल याचा हिशेब तिनं केला नाही. एवढंच तिच्या ध्यानात आलं की त्या प्रत्येक दुपारी ती नवऱ्याच्या आधी जेवली होती, की मागून, हे आता देवालाच माहीत.

"तुले अन्न बदलून घेताना काही वाटत नाई, बाई?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. भांडणाचा सूर त्यात नव्हता.

गंगूबाई हसली. "काय वाटंल? माह्या पुरीत बी हातच हाय न, पाय त नाई. वयनी, तुमची चूल घरच्याइले. माही चूल ज्याचं इथं घर नाई त्याले. मालक गेला तवा दोन पोरी होत्या पदरात. तुमच्या त्या नेमधर्मात माह्यासारखीनं काय करावं ते लिवलेलं नाई."

 

तेवढ्यात काट्याकडून एक माणूस आला. पन्नाशीचा, पागोट्यापासून भुवयांपर्यंत कापसाचे तंतू चिकटलेले, त्यामुळे होता त्याहून म्हातारा दिसत होता. तो सूर्यभानला राम राम घालून लांबच उभा राहिला.

"हे नत्थुजी," गंगूबाई म्हणाली. "अकोल्याचे मापारी. दिवाळीला बिचारे घरी बी गेले नाईत, काटा थांबत नाई म्हनून. नत्थुजी, ह्या वयनी. तुमची भाकर थापनाऱ्या."

नत्थुजीनं चटकन मान खाली घातली. पायांशी पाहतच तो बोलला.

"लेकरू बरं हाय काय, माय?"

"कोनतं लेकरू?"

"पोरगी का पोरगा ते मले काय ठाव. पन तीन खेपांमागं भाकर करपली होती. दोन भाकरींले डाग. अन् चटणीत मीठ नव्हतं. मी गंगूबाईले म्हटलं, ह्या हातची भाकर अशी जळत नाई. घरी कोनी तरी आजारी असंल."

मैनाबाईनं पदर पुढे ओढला. तीन खेपांमागे लेक शकुन तापानं फणफणली होती. रात्रभर पोरीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलून पहाटे ती तशीच चुलीपुढे बसली होती, आणि तव्यावर भाकर टाकून क्षणभर डोळा लागला होता. सूर्यभान परत आला तेव्हा तिनं घाबरत विचारलं होतं, भाकर करपली होती न? तो म्हणाला होता, नाई, झकास होती. केवढं मन आहे या माणसाचं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्या रात्री तिनं देवापुढे एक वात जास्त लावली होती.

"बरी हाय आता," ती म्हणाली. "पोरगीच. शकुन तिचं नाव."

"मंग झालं," नत्थुजी म्हणाला. तो वळला. त्याला वाटलं असावं, आज घरची बाई सोबत आहे, आज आपली भाकर नाही.

सूर्यभान पुढे झाला. "थांब," तो बायकोला म्हणाला. "सोड ते. मी खातो आज भाकर. आन इकडं."

दोघं पुरुष थांबले. गंगूबाईनं टोपली कमरेवरून खाली घेतली. मैनाबाईनं फडक्याची गाठ सोडली. आत चार भाकरी, जवसाची चटणी, दोन कांदे. ज्वारीचा वास बाहेर आला तसा नत्थुजीनं चेहरा दुसरीकडे फिरवला, भूक लागलेल्या माणसानं फिरवावा तसा.

तिनं फडकं तसंच उचललं आणि नत्थुजीपुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "दुपारच्या येळी दारी आलेल्याले नाई म्हनू नये."

"हे काय दार हाय काय?" सूर्यभान म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

नत्थुजीनं दोन्ही हातांनी फडकं घेतलं आणि काट्याजवळच्या गाठींच्या सावलीत जाऊन बसला. गंगूबाई धावत जाऊन पळसाच्या पानांवर पुऱ्या घेऊन आली. एक पान तिनं सूर्यभानपुढे ठेवलं, एक मैनाबाईपुढे.

"मले नको," मैनाबाई म्हणाली. "अन्नाच्या बदली अन्न घ्याचं नाई मले."

"बदली कोन म्हनते?" गंगूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमी माह्या पाहुण्या. पाहुणीनं उपाशी जावं अन् मी झारा धरावा? खा म्हटलं त. इख नाई घातलं त्याच्यात."

मैनाबाईनं पुरीकडे पाहिलं. फुगलेली, तांबूस, वरून जराशी कुरकुरीत. वाईट काही दिसत नव्हतं. पानाभोवती तिनं पाण्याचं बोट फिरवलं आणि हात जोडले.

ऊन डोक्यावर आलं होतं. लिंबाची सावली लिंबाखालीच गोळा झाली होती. सूर्यभाननं खाली मान घालून खायला सुरुवात केली. दोन पुऱ्या संपल्या, तिसरी मोडली.

काट्याकडे कुणीतरी हाक मारली. नत्थुजीनं भाकरी तशाच फडक्यावर ठेवल्या, उठला आणि काट्याशी गेला. एक गाडी तोलली गेली. दुसरी पुढे आली. कापसाचा ढीग पारड्यात चढत होता, उतरत होता.

मैनाबाईचा हात पानाशीच होता.

"खाय न," सूर्यभान म्हणाला. "मी त जेवलो. तुहा तो नेम बी झाला."

ती दचकली. नेमाचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"शकुननं. मागंच." त्यानं घास गिळला. "म्हनून त म्हनत होतो का येऊ नको अमरावतीले."

तिसरी गाडी तोलून झाली. नत्थुजी परत आला, लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले, तोंडावरचे तंतू पुसले आणि फडक्यापुढे मांडी घालून बसला.

"आता कोनाची वाट पाहून राहिली?" सूर्यभाननं विचारलं.

"कोनाची नाई."

गाठींच्या सावलीत नत्थुजीनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. मैनाबाईनं नजर खाली केली आणि पुरी मोडली.

सूर्यभाननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नत्थुजीकडे. त्याच्या हातातली पुरी पानावर परत गेली. मग तो उठला, बादली घेतली आणि बैलांना पाणी पाजायला म्हणून विहिरीकडे गेला. विहीर जवळच होती, पण तो बराच वेळ आला नाही.