कोऱ्या चपला आणि शिडाची जहाजं

माधवरावांची चूक एवढीच, की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पिराजी चांभाराचं त्यांनी ऐकलं नाही. "मास्तर, चपलांना चार दिवस एरंडेल पाजा, घरात घालून फिरा, मगच न्या पोलंडला. न्हाईतर पाय खातील," पिराजीनं बजावलं होतं. पण तेलकट चपलांचा वास बॅगेतल्या चकल्यांना लागला असता. म्हणून चपला कोऱ्याच, वर्तमानपत्रात गुंडाळून लेकीकडे श्चेचिनला पोचल्या.

२००७ चा उन्हाळा. शहरात समुद्राचा उत्सव होता. समुद्र तिथून पासष्ट किलोमीटर लांब. पण नदी होती, आणि नदीकाठी देशोदेशीची शिडाची जहाजं लागली होती. पन्हाळ्यावर बसून कोकणातला उत्सव साजरा करावा, तसला प्रकार.

लेकीनं, अवंतिकानं, मिनतवारीनं एक दिवस रजा काढली होती.

"आबा, बूट घाला."

"इतक्या लांब येऊन बूट घालू होय?"

पहिला अर्धा मैल चपला ऐटीत करकरल्या. पुढं ते काम माधवरावांच्या दातांनी घेतलं.

"ते नॉर्वेचं. वर जायचंय ना?" अवंतिकानं विचारलं. रांग मारुतीच्या शेपटीएवढी होती.

"जायचंय की."

लेकीची एकुलती एक रजा. ती आपल्या पायांपायी नासायला नको, म्हणून माधवराव हसत राहिले. अंगठा सोलला, टाच सोलली. तिसऱ्या जहाजाची डोलकाठी त्यांना फाशीच्या खांबासारखी दिसली.

"जरा पाणी आणतेस, बाळ?"

ती वळताच ते बाकावर कोसळले. शेजारी सत्तरीची एक पोलिश बाई होती. जहाजं सोडून ती चपलांकडे बघत होती. तिनं वाकून चामड्याला नख लावलं आणि म्हणाली, "तेल न्हाय?"

माधवराव गारच पडले.

"वळिवडे," बाई स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली. "मी लहान." महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पोलंडची निर्वासित माणसं राहिली होती, त्यांतली ही. तिनं पिशवीतून क्रीमची डबी काढली आणि बाटली घेऊन परतलेल्या अवंतिकाला सांगून टाकलं, "पाय. लई वंगाळ."

अवंतिकानं पाय पाहिले. "सांगायचं न्हाई होय, आबा?"

"तुझी रजा वाया गेली असती."

ती धप्पकन शेजारी बसली. "आठवडाभर रात्रपाळी केलीय मी. झोपायचं होतं नुसतं. तुम्ही जहाजांसाठी आलाय म्हणून निघाले."

"जहाजांसाठी? मी तुझ्यासाठी आलोय. मला रंकाळ्यातली होडी पुरते."

टाचांना क्रीम लावून झाल्यावर कधी डोळा लागला, ते माधवरावांना कळलं नाही.

भोंग्यानं जाग आली. शिडं उभारून एक जहाज निघालं होतं. अवंतिकाचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, तोंड उघडं. म्हातारी मात्र जहाजाकडे पाठ करून, चपला मांडीवर घेऊन चामड्याला क्रीम चोळत होती.

माधवरावांनी पुन्हा डोळे मिटले.