कोरं कपाळ

"वाढवली, शिकवली, रंगाच्या डब्या घेऊन दिल्या, आन तिनंच माहं कुंकू गिळलं!"

सोनूबाईनं हातातलं पुस्तक ओट्यावर आपटलं. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

पुस्तक जालन्यातल्या चित्रप्रदर्शनाचं होतं. नात प्रियदर्शनीनं काढलेलं आजीचं चित्र थेट मुखपृष्ठावर छापून आलं, म्हणून लेक कारभारी ते कौतुकानं भोकरदनला घेऊन आला होता. चेहरा हुबेहूब. सुरकुती न् सुरकुती. फक्त कपाळ कोरं. खालचं नाव सोनूबाईनं अक्षर अक्षर जुळवत वाचलं: वैधव्य.

"माय, चित्र हाय ते. चित्रात चालतं असं," कारभारी म्हणाला.

"मंग त्या दिवशी अंगणातच पुसू द्यायचं होतं की!"

बाप वारला त्या दिवशीचं अंगण कारभारीलाही आठवत होतं. तिच्या नवऱ्याला, रामकिसनला नेल्यावर बायका जमल्या आणि जाऊ प्रभावतीनं ओलं फडकं पुढं केलं. सोनूबाईनं तिचं मनगट धरलं. "तो गेला, मी न्हाई गेले. कपाळाला हात लावून तर पाह्य!" त्यापायी भावकीनं तिला कुठल्या कार्यात पुढं येऊ दिलं नाही. खुद्द कारभारीच्या हळदीला ती मागच्या दारी बसली; पण ठसठशीत कुंकू लावून बसली. आता हे पुस्तक घरोघरी फिरलं की प्रभावती म्हणायला मोकळी, शेवटी पुसलंच की!

तशीच उठून तिनं जालन्याची एसटी धरली.

दालनात पांढऱ्याफेक भिंती आणि देवळात बोलावं तशी हळू बोलणारी माणसं. तिच्या चित्रासमोर चष्मेवाल्या एक बाई उसासून म्हणाल्या, "किती दुःख आहे या चेहऱ्यात!"

सोनूबाईनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली, चित्राखाली मांडली आणि पदर सावरून बसली. "कशाचं दुःख, बाई? ती मीच हाये. पाह्य बरं नीट."

बाई वर बघत, मग खाली बघत. मागं गर्दी जमली. एकानं मोबाइल काढला.

"काढ, काढ. कपाळ बराबर येऊ दे!"

प्रियदर्शनी धावत आली. "आज्जी, उठ ना! लोक हसून राह्यलेत."

"हसू दे. माह्या नावानं उसासे टाकून राह्यलते, त्याच्यापेक्षा बरं."

"आमचे चित्रकलेचे सर म्हणले, कुंकू दाखवलं तर नुसतं आजीचं चित्र होतं. कोरं कपाळ दिसलं की माणूस थांबतो."

"थांबतो, आन माही कीव करून घरी जातो. मी केली का कधी माही कीव?"

पोरीचा चेहरा उतरला. "पुस्तक तर छापून झालं, आज्जी. आता मी काय करू?"

सोनूबाईनं मान वर करून पहिल्यांदाच सबंध चित्र पाहिलं. हनुवटीवरचं गोंदण, ओघळलेली कानाची पाळी. पोरीनं सगळं जीव लावून काढलं होतं. राग उतरला नाही, आवाज मात्र उतरला.

"दुसरं काढ. मी बसते समोर. तवर हे राहू दे भिंतीवर, अन् मी रोज येते या खुर्चीवर." तिनं नातीची रंग लागलेली बोटं मुठीत घट्ट धरली. "हात तुहाच हाय, पोरी. डोळे तेवढे सरांकडून मागून आणले तू."