केसरीनाथच्या गाडीचा ब्रेक

सिनेमावाल्यांना मी भिवंडीजवळ आमच्या राहनाळच्या घरात इतका चहा पाजला, त्याची मला आजही चीड येते. डिरेक्टर म्हणायचा, "वहिनी, तुमच्या घरात एकदम रियल वाटतं." मेल्या, आम्ही राहतो इथे, रियल नाही तर काय वाटणार?

आमचे हे, केसरीनाथ, तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती मारायचे. डोंगरातल्या मातीत, उड्या घेत. नाव होतं, खोटं कशाला बोलू? शेवटच्या शर्यतीत गाडी उलटली, उजवा पाय मोडला आणि तो कायमचा अधू झाला. आता मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर आहेत. अशा माणसावर सिनेमा काढायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. घरात गॉगल घालून फिरायला लागले. भात वाढताना मी विचारलं, "ऊन लागतंय का?" तर म्हणे, "चंद्रा, तुला नाय कळणार."

गाडी उलटली कशी, हे लग्नानंतर मला ह्यांनीच सांगितलं होतं. शर्यतीच्या सकाळी सासूबाईंनी, गोदूबाईंनी, गाडीची पूजा करून हँडलला झेंडूचा हार घातला. दोरा लूमवरचा, म्हणजे यंत्रमागाचा, नायलॉनचा. भिवंडीत फुलं ओवायला दुसरा दोरा शोधतो कोण? बरोबर एजाज होता. ह्यांचा जिगरी दोस्त, तोही शर्यतीत उतरलेला. तो म्हणाला, "केसरी, हार काढून ठेव." हे म्हणाले, देवाचा हार, त्यातून आईनं घातलेला, काढायचा नसतो. पहिल्याच मोठ्या उडीला हार घसरला, दोरा पुढच्या चाकात गुंडाळला आणि चाक जाम! एजाज मागून येत होता, आता पहिला नंबर त्याचाच होता. त्यानं गाडी टाकली आणि ह्यांना पाठीवर घेऊन धावत सुटला.

आईला कळलं तर ती जिवाला लावून घेईल, म्हणून दोघांनी शपथा घेतल्या. कुणाला सांगायचं नाही. इथपर्यंत ठीक होतं, पोरं चांगली होती. एजाज आता बापाचे लूम सांभाळतो. आमच्या घरातली एकही हळद त्याच्याशिवाय लागलेली नाही.

मग तो डिरेक्टर आला. आई समोर बसलेली आणि त्यानं विचारलं, "दादा, ॲक्सिडेंट झाला कसा?" हे म्हणाले, "ब्रेकला कायतरी झालं असेल."

"आदल्या दिवशी गाडी कुठे होती?"

"एजाजच्या लूमवर."

दोन्ही उत्तरं दिली आणि चहाचा घोट घेतला. पुढे कथा वाचायला घरी आली तर ह्यांनी एकच विचारलं, माझा खरा फोटो शेवटी दाखवणार ना? आणि ठोकली सही.

भिवंडीत पहिला खेळ लागला. चौकात फ्लेक्स, दारात बँजो, नंतर स्टेजवर सत्कार. आम्ही तिघं पुढच्या रांगेत. एजाजला आमंत्रण नव्हतं. का नव्हतं ते पडद्यावर कळलं. डोळ्यात सुरमा घातलेला एक दोस्त गालात हसत हसत ब्रेकची केबल कापतो! अख्खं थिएटर शिव्या द्यायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तो लूमवाला एजाजच ना?" दुसरा म्हणाला, "तोच. उद्या बघूच त्याला."

माझं रक्त खवळलं. मी ह्यांना कोपर मारलं. "उठा, आत्ताच्या आत्ता सांगा सगळ्यांना."

"आई बसलीय गं."

"आई बसलीय म्हणून तो मार खाऊ दे? ज्यानं तुम्हाला पाठीवरून आणलं तो?"

ह्यांनी काय करावं? खिशातून गॉगल काढला आणि डोळ्यांवर चढवला. काळोखात! तोंड लपवायला पदर नव्हता म्हणून गॉगल.

दिवे लागले. स्टेजवर डिरेक्टरनं डोळे पुसल्याचं नाटक केलं आणि माइकवर ओरडला, "आता ही वीरमाता स्वतःच्या हातांनी आपल्या वाघाला हार घालणार!" सासूबाईंना हात धरून वर नेलं, हातात झेंडूचा हार दिला.

एक गोष्ट सांगायची राहिली. दसऱ्याला राहनाळच्या गाड्या हारांनी मढतात, आमच्या गाडीवर मात्र सुटी फुलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंनी कधी हार ओवला नाही. मला वाटायचं, नजर गेली म्हातारीची, सुईत दोरा जात नसेल.

तर त्या बाईनं भर स्टेजवर हाराची फुलं ओरबाडली, खाली टाकली आणि नुसता दोरा वर धरला.

"असल्याच दोऱ्यानं माझ्या पोराचा पाय मोडला. हार मीच ओवलेला. गाडी टेम्पोतनं घरी आली तवा चाकातला दोरा मीच विळीनं कापला, ब्रेक धड व्हता. एजाजनं काय केला न्हाय. मना सगला ठाव हाय. पोरगा आज बोलंल, उद्या बोलंल, म्हणून गप बसले." मग ह्यांच्याकडे वळली. "आई मरंल म्हणून बोलला न्हाईस ना? हे बघ, न्हाय मेले."

आणि मग टाळ्या! लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. डिरेक्टर माझ्या कानाशी आला, "वहिनी, काय सीन आहे! आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "बाजूला हो, नाहीतर चप्पल काढीन." झाला बाजूला.

सासूबाई तडक रिक्षात बसल्या. "एजाजकडं." ह्यांनाही बसावंच लागलं, सत्काराची शाल सांभाळत.

एजाज लूमच्या दारात उभा होता. शटर अर्धं ओढलेलं, लूम बंद. बातमी आमच्या आधी पोचलेली दिसत होती. पण सासूबाईंच्या मुठीतला दोरा पाहिला आणि तो ह्यांच्यावरच भडकला. "सांगितलंस शेवटी? अरे, काय गरज होती? लोक चार दिवस बोलले असते आणि विसरले असते. काकीला ह्या वयात कशाला त्रास दिलास?"

अख्ख्या थिएटरच्या शिव्या खाल्लेला माणूस हे बोलत होता. मला रडू फुटलं.

"त्यानं न्हाय सांगितला," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यात तेवढा दम असता तर मी आले असते का?"

एजाज आत जाऊन खुर्ची घेऊन आला, फडक्यानं पुसली. सासूबाई म्हणाल्या, मी उभीच बरी, तुझ्या दारात बसायचं तोंड न्हाय मला. एजाज खुर्ची धरून तसाच उभा राहिला. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "केसरी, तू तरी बस. पाय दुखत असेल तुझा."

आणि आमचे हे बसले.