गोणपाटाखालचा दरबार

पहाट. पाऊस उघडलेला. चकलांब्याजवळच्या वस्तीवर सगळं गाव पारापुढं चिखलात उभं. वस्तीवर मुक्कामाला आलेल्या शंखराज महाराजांनी ओलं गोणपाट उचललं. खाली शेकडो गोगलगायी, मधोमध एक सोनेरी शंखाची.

"जावा बेटाची राजकन्या हाय ही. शापानं गोगलगाय झाली. परजा मुजऱ्याला आलीय. हिच्या परजेला जो मारील, त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाई."

नैवेद्य फक्त गुळाचा. संध्याकाळी, घरोघरचा, महाराजांच्या हाती द्यायचा.

सुकन्यानं हात जोडले नाहीत. ती गोणपाटाच्या कडेला लागलेल्या मुंग्या बघत होती.

तिच्या रानात सोयाबीनला नुकती पानं फुटलेली, आणि रोज सकाळी काही ओळी गोगलगायींनी खाऊन बोडक्या. पीक गेलं तर दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीचा कोयता, आणि लेकीची, शिवकन्येची शाळा बंद. पण गोगलगायी वेचू म्हटलं की सासू तुळजाबाई आडवी येई. थोरल्या सुनेची कूस अजून उजवली नव्हती.

आता तोच चमत्कार ती उकिरड्याशेजारी करून दाखवणार होती.

दुसऱ्या पहाटे सुकन्यानं गावाला तिकडं नेलं. आदल्या संध्याकाळी तिनं दोन गोणपाटं अंथरली होती. नुसत्या पाण्यात भिजवलेलं उचललं. चार-दोन गोगलगायी. गुळाच्या पाण्यातलं उचललं, आणि ट्रॅक्टरवाला बंकट म्हणाला, "हितं तर दरबार दुप्पट हाय बे."

सोनेरी गोगलगाय ताटात घेऊन महाराज धावत आले. राजकन्येनं जागा बदलली, लीला आहे, म्हणाले.

"उकिरड्यावर?" सुकन्यानं शंख नखानं खरवडला. सोनेरी पापुद्रा निघाला. ट्रॅक्टरच्या रिमला मारतात तसला रंग, बंकटनं ओळखला. "गूळ आमचा, गोणपाट तुमचं. गोडाला येत्यात त्या, मुजऱ्याला न्हाई. आन् ती जावाच्या राजकन्येची गोष्ट माझ्या लेकीनं पुस्तकातून वाचून दावलीय. त्यातली राजकन्या आसरा देणाऱ्या म्हातारीला रांधून घालायची. तुमची आमच्याच तोंडचा घास खाती."

तुळजाबाईनं हळूच विचारलं, मारल्या आणि खरंच शाप लागला तर?

"लागला तर मला लागंल, आत्या. जाऊबाईंना डागदरकडं मी नेते. संगं भाऊजींनाबी."

 तुळजाबाईनं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि वेचलेल्या गोगलगायी टाकायला मिठाच्या पाण्याची बादली मागितली.

गोगलगायीला शाप कळत नाही, भूक कळते. माणसाला प्रश्न विचारता येतो. तो विचारा. जो भीती घालतो, त्याला तर सगळ्यात आधी, आणि चारचौघांत.